वेळ एक, रीत ज्याची त्याची



हल्ली पुष्कळ शाळांत परिपाठाच्या वेळी 'डोळे मिटा आणि शांत बसा' अशी सूचना होते. पाच मिनिटे वर्ग गप्प असतो. मग घंटा होते आणि ध्यान झाले असे समजून सगळे पहिल्या तासाच्या वह्या काढतात. यात वाईट असे काही नाही. पण डोळे मिटलेल्या पन्नास मुलांपैकी किती जणांचे मन खरोखर स्थिर झाले, हे कोणी विचारत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते विचारले पाहिजे.

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर घ्या. रुक्मिणीचे माहेर म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे. येथून दरवर्षी आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला पायी जाते. टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडते आणि पावलाबरोबर मुखात नाम येते. याच तिवसा तालुक्यात मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) १९३५ साली तेथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. तेथे पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. वऱ्हाडातील कितीतरी गावांनी हा परिपाठ उचलला आहे. तिसरी रीत नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीची. सत्यनारायण गोएंका यांनी सुरू केलेली विपश्यनेची शिबिरे तेथे १९७६ पासून भरतात. त्यांची पहिली पायरी म्हणजे आनापान. यात नाम नाही, ताल नाही. नाकाशी येणारा-जाणारा स्वाभाविक श्वास नुसता पाहायचा.

एकजण चालतो, एकजण सर्वांबरोबर बसतो आणि एकजण एकटा श्वास पाहतो. तिघांत सारखे काय? प्रत्येकाने लक्ष ठेवण्यासाठी एक साधी गोष्ट निवडली आहे. मन तिच्यावरून निसटते आणि ते ध्यानात येताच त्याला परत आणायचे असते. गुराखी पिकात शिरलेले वासरू न रागावता वळवून आणतो, तसेच हे. म्हणून 'माझे मन भटकते, मला ध्यान जमत नाही' असे म्हणू नका. भटकलेले मन लक्षात येणे हाच अभ्यासाचा भाग आहे.

आता या विषयात विज्ञान काय सांगते ते पाहू. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यास प्रारंभ केला. पुढे अमेरिकी संशोधक वेंगर आणि बागची यांनी दिल्लीच्या आनंद यांच्यासह, हृदय थांबवतो असे म्हणणाऱ्या योग्यांची तपासणी केली. १९६१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. मनगटावरची नाडी लागेनाशी होत होती, पण हृदयाचे ठोके चालूच होते! श्वास कोंडून आणि स्नायू ताणून छातीतील दाब वाढवला, की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि नाडी क्षीण होते. चमत्कार गेला, पण शरीराची एक मोलाची माहिती हाती आली. हाच दृष्टिकोन आपणही ठेवावा.

एक प्रयोग तुम्हीच करा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून एक मिनिट नाडी मोजा. मग पाच मिनिटे शांत बसून श्वास सावकाश सोडा आणि पुन्हा मोजा. ठोके बहुधा कमी झालेले आढळतील. कारण श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंद होते. मेंदूकडून हृदयाकडे येणारी एक मज्जातंतूची जोडी हे नियंत्रण करते. पण लगेच निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाच मिनिटे नुसते बसा, किंवा गोष्टीचे पुस्तक वाचा, आणि तशीच मोजणी करा. नुसत्या विश्रांतीनेही ठोके उतरतात. दोन्हींत फरक किती, हे पाहिल्यावाचून श्रेय कोणाला द्यायचे ते ठरत नाही. फरक आढळला नाही, तर तेही वहीत लिहा.

आता सवयीविषयी. लंडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९६ जणांनी रोज ठरावीक प्रसंगी एक नवी गोष्ट करण्याचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडण्यास साधारणपणे ६६ दिवस लागले. कोणाला अवघे १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणजे 'आठ दिवस केले, काही झाले नाही' ही तक्रार घाईची आहे, आणि 'काल चुकले, आता सोडून देतो' हे तर कारणच नव्हे.

मोझरीच्या परिपाठाचे बळ मला येथेच दिसते. वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि सोबतीला माणसे. रोज 'आज बसू की नको' हा वाद मनाशी घालावा लागत नाही.

मग शाळेने सर्वांना सक्तीने ध्यानास बसवावे का? ब्रिटनमध्ये ८४ शाळांतील ८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली आले. अशा वर्गांमुळे मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ध्यान निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मी घेत नाही. एकच रीत सर्वांवर लादली तर ती कोणाचीच होत नाही, असा अर्थ मी घेतो.

काही शिक्षक म्हणतील, प्रत्येकाने आपले वेगळे केले तर शिस्त राहील कशी? माझे म्हणणे असे, की शाळेने वेळ एक ठेवावी आणि रीत ज्याची त्याला निवडू द्यावी. कोणी श्वास मोजील, कोणी मनात नाम किंवा एखादा आवडता शब्द घोळवील, कोणी मैदानाच्या कडेने पावलांवर लक्ष ठेवून सावकाश चालेल. श्रद्धा असेल त्याने नाम घ्यावे, नसेल त्याने आकडे मोजावेत. शरीराला दोन्ही चालतात.

तुम्ही असे करून पाहा. एक रीत निवडून दोन आठवडे रोज पाच मिनिटे करा, मग दुसरी, मग तिसरी. दात घासल्यावर किंवा अभ्यासाला बसण्यापूर्वी, अशा रोजच्या कामाला ती जोडा. वहीत तारीख, रीत आणि नंतर कसे वाटले हे एका ओळीत लिहा. सहा आठवड्यांनी तुमचीच वही सांगेल, की कोणत्या रीतीकडे तुम्ही आपण होऊन वळलात. तीच तुमची.

एक सावधगिरी मात्र बाळगा. डोळे मिटल्यावर कोणाला भीती वाटली किंवा दुःखद आठवणी दाटून आल्या, तर हट्टाने बसू नये. डोळे उघडावे, चालावे, शिक्षकांशी किंवा घरी बोलावे. झोप येत नसेल, मन सतत उदास असेल, तर डॉक्टरांना भेटावे. ध्यान हे झोपेची, खेळाची किंवा औषधाची जागा घेऊ शकत नाही.

आणि शिक्षकांना एवढीच विनंती, की त्या पाच मिनिटांत वर्गावर नजर ठेवत उभे राहू नका. तुम्हीही बसा.