गाव 8,000 चं, मैदान 45,000 चं

आयर्लंडच्या टिपररी काउंटीत थर्लस नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम 8,000. आणि तिथलं सेम्पल स्टेडियम? सुमारे 45,000 प्रेक्षकांचं!

खेळ हर्लिंग. अ‍ॅश लाकडाची चपट्या टोकाची काठी, लहानसा कातडी चेंडू, संघात 15 जण. चेंडू आडव्या दांड्याखालून गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. वरून गेला तर 1. वेग एवढा, की नवख्याला चेंडू दिसतच नाही.

इंग्रजांचं राज्य असताना, 1884 मध्ये, याच गावातल्या एका हॉटेलात देशी खेळ जपण्यासाठी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. 1910 मध्ये मैदानाची जागा विकायला निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी शेअर घेऊन 900 पौंड उभे केले. संस्थेच्या शंभरीला, 1984 मध्ये, एरवी डब्लिनला होणारा अखिल आयर्लंड अंतिम सामना इथे झाला. कॉर्कने ऑफलीला हरवलं.

मैदानाला नाव टॉम सेम्पलचं. 1906 आणि 1908 च्या विजेत्या टिपररी संघाचा हा कप्तान पोटापाण्यासाठी रेल्वेत गार्ड होता. आजही खेळाडूंना पगार नाही, लिलाव तर नाहीच. आधी आपल्या गावचा क्लब, मग आपली काउंटी. आयपीएल बघत वाढलेल्या आपल्याला हे पचायला जरा जडच! यातले बरेच खेळाडू शाळामास्तर. रविवारी 40,000 लोकांसमोर फटका हुकला, तरी सोमवारी वर्गावर जायचंच. आणि पोरं थोडीच सोडणार?