कंजुषीला गणित म्हणू नका

२०२० च्या फेब्रुवारीत बॉस्टन रेड सॉक्सने मूकी बेट्सला विकलं. 'विकलं' या शब्दावर माझ्या बेसबॉल बघणाऱ्या मित्रांचा आक्षेप असतो. 'ट्रेड केलं' म्हण, असं ते सुचवतात, कारण विकलं म्हटलं की मालकावर आरोप केल्यासारखं वाटतं. मला आरोपच करायचा आहे, त्यामुळे शब्द तोच राहील.

ज्यांनी आयुष्यात बेसबॉल बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेड सॉक्सने २०११ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत एक शाळकरी पोरगा उचलला. उंची जेमतेम पावणेसहा फूट, म्हणजे या खेळात बुटकाच. त्याला त्यांनी घडवलं. २०१८ मध्ये संघाने १६२ पैकी १०८ मॅच जिंकल्या, वर डॉजर्सला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि हा पोरगा अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पुढच्या दीड वर्षाच्या आत तो त्याच डॉजर्सकडे गेला. सोबत डेव्हिड प्राइस हा महागडा पिचरही दिला, आणि प्राइसच्या उरलेल्या पगाराचा अर्धा भार रेड सॉक्सनेच उचलला. बदल्यात काय आलं? अ‍ॅलेक्स वर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. ही नावं तुम्ही ऐकली नसतील तर तुमचं काही चुकलेलं नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात रवींद्र जडेजा चेन्नईतून राजस्थानात गेला आणि संजू सॅमसन राजस्थानातून चेन्नईत आला, तेव्हा तुमच्या ग्रुपवर जो धुरळा उडाला, तो बेसबॉलमध्ये दर जुलैत उडतो. फरक एवढाच की आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. मेजर लीगमध्ये करारात तसं कलम नसेल, किंवा दहा वर्षं खेळून त्यातली शेवटची पाच त्याच संघात काढलेली नसतील, तर विचारतो कोण? फोन येतो आणि बॅग भरायची.

मी दोन वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरला शिकायला होते. तिथे हा संघ अंगाला चिकटला. आता पुण्यात राहते. फेनवेवरची संध्याकाळी सात-दहाची मॅच इथे पहाटे चार-चाळीसला सुरू होते, आणि उन्हाळाभर मी त्या वेळेला उठते. हे सांगायचं कारण, 'संघ जिंकतोय ना, मग झालं' हे वाक्य मला समोरून ऐकवलं जातं. पहाटे पावणेपाचला माणूस विजयाची टक्केवारी बघायला उठत नाही. एक विशिष्ट माणूस राइट फील्डच्या कोपऱ्यात धावत जाऊन चेंडू कसा उचलतो, ते बघायला उठतो.

आता मालकांची बाजू. मेजर लीगमध्ये पगारावर थेट कमाल मर्यादा नाही. एक रेषा आहे आणि ती ओलांडली तर वरच्या रकमेवर कर लागतो. २०२० मध्ये ती रेषा २० कोटी ८० लाख डॉलरवर होती. पहिल्या वर्षी कराचा दर वीस टक्के, सलग दुसऱ्या वर्षी तीस, तिसऱ्या वर्षी पन्नास. एक वर्ष रेषेखाली राहिलं की मीटर पुन्हा शून्यावर. रेड सॉक्सने २०१८ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख आणि २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख डॉलर कर भरला होता. बेट्सचा २०२० चा पगार २ कोटी ७० लाख, आणि त्या मोसमानंतर तो मोकळा होणार होता. संघाचे दीर्घ कराराचे प्रस्ताव त्याने स्वीकारलेले नव्हते. तेव्हा फुकट जाण्यापेक्षा काहीतरी पदरात पाडून घेऊ, असा हा युक्तिवाद.

ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण हा कर भरताना मेटाकुटीला येणारा मालक कोण, तेही बघा. याच समूहाकडे इंग्लंडमधला लिव्हरपूल क्लब आहे. संघाचं बाजारमूल्य तेव्हा तीन अब्ज डॉलरच्या पुढे होतं. १९१२ मध्ये बांधलेल्या फेनवे पार्कची तिकिटं अख्ख्या लीगमधल्या सर्वांत महाग तिकिटांत मोडतात. म्हणजे प्रेक्षकाने दर मोजायचा श्रीमंत संघाचा, आणि संघ चालवायचा उसनवारीवर दिवस काढणाऱ्या बिऱ्हाडासारखा.

आणि 'तो राहणारच नव्हता' या वाक्याचं पुढे काय झालं? डॉजर्सने त्याच जुलैत बेट्सशी बारा वर्षांचा, ३६ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करार केला. त्यांच्यासाठी तो एकही अधिकृत मॅच खेळला नव्हता. कोरोनामुळे स्टेडियम रिकामी होती, तिकिटाचा एक डॉलर येत नव्हता, तरी केला. न राहणारा माणूस राहिला, फक्त दुसऱ्याच्या घरी.

ट्रेड करणारे संघप्रमुख काइम ब्लूम २०१९ च्या अखेरीस टँपा बे रेजमधून बॉस्टनला आले होते. रेज हा लीगमधल्या सर्वांत कमी पगारखर्चाच्या संघांपैकी एक. त्यांच्याकडे गर्दी नाही, पैसा नाही, म्हणून ते डोकं वापरतात. खेळाडू महाग व्हायच्या आत देऊन टाकायचा, बदल्यात तीन स्वस्त तरुण घ्यायचे, त्यातला एक तरी निघतोच. रेजबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्याच्या घरी तांदूळच कमी, त्याने पेज करावी. कोठार भरलेल्या माणसाने पेज वाढून तिला पाककौशल्य म्हणू नये.

गंमत म्हणजे याच वर्षी, याच बेट्ससमोर, याच रेजच्या पद्धतीची परीक्षा झाली. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच. रेज १-० ने पुढे. त्यांचा पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सना अक्षरशः खेळवत होता. सहाव्या इनिंगमध्ये एक आउट झालेला, तोवर ७३ चेंडू, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. दुसरी हिट बसली आणि मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून चालत बाहेर आले. पुढचा बॅटर बेट्स होता. स्नेलने त्याला त्या रात्री दोनदा स्ट्राइकआउट केलं होतं. तरी स्नेलला काढलं.

का? कारण आकडे सांगतात की एकाच पिचरला बॅटर तिसऱ्यांदा सामोरा जातो तेव्हा तो जास्त चांगला खेळतो. हे खरं आहे, हजारो मॅचमधून सिद्ध झालेलं आहे. स्नेलने त्या मोसमात एकदाही सहा इनिंग्ज पूर्ण केल्या नव्हत्या, हेही खरं. पण त्याच्या जागी आलेला निक अँडरसन आधीच्या सलग सहा मॅचमध्ये रन देऊन आला होता, तोही आकडाच होता की! बेट्सने अँडरसनला डबल मारला. मग वाइल्ड पिचवर बरोबरी झाली. मग पहिल्या बेसकडे साधा ग्राउंडर गेला आणि तिसऱ्या बेसवरून बेट्स सुसाट घरी पोचला. आठव्या इनिंगमध्ये त्याने होमरनही मारला. ३-१, आणि वर्ल्ड सिरीज डॉजर्सची.

या प्रसंगावरून बरेच जण 'बघा, आकडेवाल्यांनी खेळाची वाट लावली' असं म्हणतात. मी त्यांच्यात नाही. ज्या दिवशी सरासरी समोरच्या माणसाला लागू पडत नाहीये हे उघड दिसतंय, त्या दिवशीही सरासरीलाच धरून राहणं म्हणजे गणित नव्हे. ती भीती आहे. ठरल्याप्रमाणे काढला आणि हरलो, तर पद्धतीकडे बोट दाखवता येतं. ठेवला आणि हरलो, तर नाव माझं येतं.

पिचरच्या खांद्या-कोपराचीही हीच कथा. प्रत्येक चेंडू जीव तोडून टाक, पाच इनिंग्ज पुरे, नंतर दुसरा आहेच. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१ मैलांच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो ९४ च्या वर गेला. पिचरांच्या दुखापती का वाढल्या हे शोधणाऱ्या लीगच्याच २०२४ च्या अहवालाने वेगाच्या या हव्यासाकडे बोट दाखवलं. १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरावर पहिल्यांदा ती शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो चमत्कार होता. आता ती नोकरीतली एक पायरी झाली आहे. बुमराहला इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोट्या खेळवल्या म्हणून आपल्याकडे ओरड झाली. मला ती विश्रांती पटली होती, कारण त्यामागे हा माणूस टिकावा असा विचार दिसत होता. बेसबॉलमध्ये अनेकदा माणूस टिकवत नाहीत, त्याच्या जागचा माणूस तयार ठेवतात.

बॉस्टनमध्ये अशा वेळी कुणीतरी बेब रूथचं नाव काढतंच. १९१९ च्या डिसेंबरात त्याला यांकीजना एक लाख डॉलरला विकलं, मग २००४ पर्यंत जेतेपद नाही, म्हणून 'शाप'. शापबीप मला मान्य नाही. शापाची गोष्ट मालकांच्या फार सोयीची आहे. दोष नशिबाकडे जातो, चेकबुकाकडे नाही.

बरं, बेट्सवरून काही शिकले म्हणावं, तर २०२५ उजाडलं. राफेल डेव्हर्सशी २०२३ च्या जानेवारीत दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाखांचा करार झाला होता. थर्ड बेस ही त्याची जागा. मग अ‍ॅलेक्स ब्रेगमनला घेतलं आणि डेव्हर्सला सांगितलं, ग्लव्ह ठेव, तू फक्त बॅटिंग कर. कुरकुरत का होईना, त्याने केली. मग फर्स्ट बेसवाला जखमी झाला, तेव्हा सांगितलं, आता ग्लव्ह घे. तो नाही म्हणाला. त्याने हो म्हणायला हवं होतं, हे मी मान्य करते. एवढा पगार घेणाऱ्याने संघाची अडचण बघायला हवी. पण ज्याला कालच 'तुझ्या हाताची गरज नाही' म्हटलं, त्याला आज कसं विचारायचं, हेही व्यवस्थापनाचंच काम आहे. १५ जूनला रेड सॉक्सने फेनवेवर यांकीजना सलग तिसऱ्यांदा हरवलं. त्या मॅचमध्ये डेव्हर्सने होमरन मारला, आणि त्याच संध्याकाळी तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा झाला. उरलेला सगळा करार जायंट्सने उचलला.

यानंतर संघ प्लेऑफला पोचला, हे मला लगेच ऐकवण्यात आलं. पोचला, खरं आहे. यांकीजकडून पहिल्याच फेरीत हरला, तेही खरं आहे. डेव्हर्सच्या जायंट्सने ८१ जिंकल्या, ८१ हरल्या. यातून ट्रेड बरोबर होतं की चूक, काहीच सिद्ध होत नाही. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ट्रेडची बातमी आली त्या रात्री माझ्या ग्रुपवर पहिला मेसेज होता, 'पंचवीस कोटी वाचले.' कुणाचे? तुझे? तिकीट पाच डॉलरने तरी उतरलं का? पाहणाऱ्याने पाहणाऱ्यासारखं बोलावं. मालकाकडे हिशेबनीस आहेत, त्यांना त्याचा पगार मिळतो. आपण ते काम फुकट का करतो?

डॉजर्सकडेही हिशेबनीस आहेत, बॉस्टनपेक्षा जास्तच असतील. त्यांनी २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये योशिनोबु यामामोटोला दुसऱ्या मॅचमध्ये शेवटपर्यंत ठेवलं. सहाव्या मॅचला त्याने ९६ चेंडू टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या मॅचला पुन्हा त्याच्याच हातात चेंडू दिला. कुठल्याही तक्त्यात हे बसत नाही. पैसा त्यांच्याकडे अमाप आहे, त्यामुळे त्यांचं कौतुक मी बेतानेच करते. पण आकडे वाचता येणारा संघ आकड्यांच्या मागे लपतोच असं नाही, एवढं तरी दिसलं.

आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. अकरावी इनिंग, डॉजर्स ५-४ ने पुढे, टोरोंटोचे माणसं बेसवर. अलेहांद्रो कर्कची बॅट मोडली, चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला. शॉर्टस्टॉपला आता मूकी बेट्स खेळतो. त्याने सेकंड बेसवर पाय ठेवला, फर्स्टला फेक केली, डबल प्ले, आणि डॉजर्सकडून त्याचं तिसरं जेतेपद. वर्डुगो आणि डाउन्स तोवर बॉस्टन सोडून गेले होते. त्या ट्रेडमधला फक्त कॉनर वाँग रेड सॉक्सकडे होता, बदली कॅचर म्हणून.