रविवार कोणाचा?

२०२३ सालच्या जुलैमधला एक रविवार माझ्या मनातून जात नाही. खरं तर तो आनंदाचा दिवस होता. ‘बाईपण भारी देवा’ नुकताच लागला होता आणि पुण्यात बायका घोळक्याघोळक्याने, नटूनथटून तो पाहायला जात होत्या. आमच्याकडेही सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. नणंद दोन मुलांना घेऊन चिंचवडहून येणार. शिवाय सासूबाई, नवरा, मुलगी आणि मी. मुलगा ‘बायकांचा सिनेमा’ म्हणून घरीच राहणार होता, म्हणजे त्याचं ताट झाकून ठेवणं आलं. नवऱ्याने दोन दिवस आधी मोबाइलवर तिकिटं काढली. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यावर ‘या रविवारी बाबा सगळ्यांना सिनेमा दाखवणार’ असं घरभर झालं.

खेळ साडेबाराचा. त्यामुळे ऑफिसच्या दिवशी उठते त्याच्याही अर्धा तास आधी, साडेपाचला उठले. मशीनला कपडे लावले, पोहे केले, आठवड्याची भाजी निवडून डब्यांत भरली. गणवेशांना इस्त्री केली. अकराला सगळे जेवायला बसावेत म्हणून मसालेभात, कोशिंबीर, मुलांसाठी वेगळी बटाट्याची भाजी. नणंद आल्या आल्या पदर खोचून ओट्याशी उभी राहिली. आम्ही दोघी मिळून भराभर उरकत होतो आणि बाहेरून ‘चला, उशीर होतोय’ असा गजर चालू होता. तो करणारे आंघोळ करून तयार बसले होते.

थिएटरात दिवे मालवले तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदा मी पाठ टेकली. सहा बहिणी, एकमेकींपासून दुरावलेल्या, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येतात, एवढीच गोष्ट. आमच्यातल्या काही जणींनी त्यावर टीका केली. बाईपण काय मंगळागौरीतच शोधायचं, हा त्यांचा सवाल वावगा नाही. पण मी तिथे हसले आणि रडलेही. सासूबाई कित्येक वर्षांनी थिएटरात आल्या होत्या, त्यांनी तर टाळ्या वाजवल्या. मध्यंतरात मात्र माझ्याकडे वाकून विचारलं, ‘विरजण लावलंस का ग?’ मला हसू आलं, आणि लगेच आठवलं की लावलेलं नाही.

मग मी मागे वळून त्या भरलेल्या रांगांकडे पाहिलं. इथल्या किती जणी सकाळी सगळं करून, झाकून, पुसून आल्या असतील? बाईला करमणूक मिळते, नाही असं नाही. पण तिचे पैसे तिकीटखिडकीवर फिटत नाहीत. ते आधी ओट्यापाशी भरावे लागतात, आणि घरी परतल्यावर उरलेला हप्ता असतोच. आम्हीही परतलो, चहा झाला, आणि सात वाजता नवरा समजूतदारपणे म्हणाला, ‘दमली असशील. साधी खिचडीच टाक.’ आठ माणसांची साधी खिचडी!

हे आपलं रडगाणं नव्हे, देशभरचा हिशेब आहे. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनमोल घरकामाला बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. ही सरासरीसुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच. जे काडीही हलवत नाहीत ते तिच्यात धरलेलेच नाहीत.

रविवारची सुट्टी काही आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती वर्षानुवर्षं लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार बायकांनी भाषणं केली. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी ती मागणी मान्य केली. सुट्टी मागायला बायका तेव्हा व्यासपीठावर उभ्या राहिल्या. गिरणीचा भोंगा रविवारी बंद झाला, पण घरातला कुकर नाही.

इथवर माझी बाजू भक्कम आहे. पण त्या रविवारची एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशी रविवारी एरवी दुपारी येतात. त्या दिवशी मी त्यांना सांगून ठेवलं होतं, ‘मावशी, अकराच्या आत येऊन जा, आम्हाला सिनेमाला जायचंय. आणि रात्री परत एक चक्कर मारा.’ त्या दोनदा आल्या. महिन्याच्या दोन सुट्ट्या त्यांना आहेत, पण त्या रविवारी घ्यायच्या नाहीत, कारण रविवारी भांडी जास्त पडतात. हा नियम नवऱ्याचा नाही, सासूबाईंचा नाही, माझा आहे. मोलकरणींनी १९८० साली याच पुण्यात संप केला होता, पगारवाढीबरोबर हक्काच्या रजाही मागितल्या होत्या. हे मी सभांतून सांगतही आले आहे. आणि माझ्याच घरात?

सोमवारी मावशींना म्हटलं, ‘यापुढे रविवारी येऊ नका. पगार कापणार नाही.’ त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मग म्हणाल्या, ‘बरं झालं ताई. घरचं धुणं आठ दिवसांचं तुंबतं, ते रविवारी काढीन.’

तेव्हापासून रविवारची भांडी नवरा आणि मुलगा घासतात. पहिले चार-पाच रविवार घरात तोंडं फुगलेली होती. सासूबाई ‘पुरुषांनी भांडी घासायची वेळ आली’ असं देवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. कढई अजूनही तेलकट राहते. सोमवारी सकाळी ती हातात आली की पुन्हा घासाविशी वाटते. मी तशीच फडताळात ठेवून देते.