निवेदन : तिबेटी शेजाऱ्यांना कामाची मुभा, स्थानिक मजुरांना कामाची हमी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया

मार्फत : मा. तहसीलदार, अर्जुनी मोरगाव

विषय : गोठणगाव परिसरातील तिबेटी निर्वासितांना २०१४ च्या केंद्रीय धोरणाप्रमाणे नोकरी-व्यवसाय करता यावा आणि स्थानिक मजुरांना पुरेसे काम मिळावे, याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे गोठणगाव व आसपासच्या गावांचे रहिवासी सविनय निवेदन करतो की,

१९७२ साली आमच्या शेजारी नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत झाली. थंड मुलखातून आलेल्या या माणसांनी येथे धानाची शेती केली. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकून संसार चालवले. रोवणीला आमच्या घरच्या महिला त्यांच्या बांध्यांत जातात. पन्नासहून अधिक वर्षांचा हा शेजार आहे.

तरीही "आपल्याच पोरांना काम नाही, मग यांना कुठून?" असे गावात बोलले जाते, हे आम्ही लपवत नाही. या बोलण्यामागे द्वेष नाही, रिकामे हात आहेत. धान कापून झाले की मजूर बाहेरगावी जातो. तेंदूपाने आणि मोहफुले मोजके दिवसच पुरतात. पण आमच्या हाताला काम नाही ते तिबेट्यांमुळे नव्हे. रोजगार हमीची कामे वेळेवर निघत नाहीत, हे त्याचे खरे कारण आहे.

केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात व्यापाराचे परवाने देण्याची आणि परिचर्या, अध्यापन यांसारख्या खासगी नोकऱ्या करू देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात वसाहतीतील एका प्रशिक्षित परिचारिकेला एका खासगी रुग्णालयाने केवळ तिचे तिबेटी निर्वासित म्हणून असलेले नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे 'आरसी', ओळखीचे नाही म्हणून परत पाठवले. आमच्या भागाला परिचारिका हव्या असताना हे घडावे, याचे आम्हांस दुःख आहे.

आमच्या मागण्या :

१. सदर धोरणाची मराठी प्रत ग्रामपंचायती, बँका, खासगी शाळा व रुग्णालयांना पाठवावी आणि आरसी ग्राह्य धरण्याबाबत लेखी सूचना द्याव्यात.

२. स्वेटर विक्रेत्यांना व्यापार परवान्यासाठी लागणारी कागदपत्रे हंगामापूर्वी तहसील कार्यालयातच मिळावीत.

३. रोजगार हमीच्या कामासाठी केलेल्या प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच द्यावी, १५ दिवसांत काम द्यावे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. मामा (माजी मालगुजारी) तलाव व बोड्या (लहान तळी) यांतील गाळ काढण्याची कामे आधी घ्यावीत.

४. निर्वासित म्हणून कोणालाही कमी मजुरीवर राबवले जाऊ नये. एकाला स्वस्तात राबवले की सर्वांचीच मजुरी पडते. सबब किमान वेतनाची तपासणी नियमित व्हावी.

५. कौशल्य प्रशिक्षणाचे वर्ग गोठणगावातच, दोन्हीकडच्या तरुणांसाठी एकत्र घ्यावेत.

६. ग्रामस्थ व वसाहतीचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक आपल्या अध्यक्षतेखाली एक महिन्यात बोलवावी.

या सहाही मागण्या एकत्रच मंजूर व्हाव्यात. शेजाऱ्याला परवाना आणि आम्हांला नुसते आश्वासन मिळाले, तर गावातील कुरबूर वाढेल. दोघांनाही काम मिळाले, तर ती आपोआप थांबेल. तरी आपण जातीने लक्ष घालून केलेल्या कार्यवाहीबाबत आम्हांस लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले नम्र,
समस्त ग्रामस्थ, गोठणगाव परिसर

सोबत : सह्यांची यादी