टिपरे संपून २० वर्षं झाली, तरी आबा मोबाईलमधून जात का नाहीत?

रात्रीची जेवणं झाली की घरातला एक तरी जण आडवा पडून मोबाईल चाळत बसतो. रील पुढं सरकत जातात आणि मधेच एक मिश्कील म्हातारा येतो. नातवाची फिरकी घेतो, मुलाला टोमणा मारतो, सून हसू दाबते. अंगठा थांबतो. खालच्या कमेंटचा सूरही ठरलेला, अशा मालिका आता होत नाहीत म्हणून.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ साली अल्फा मराठीवर आली आणि २००५ मध्ये संपली. त्याच वर्षी चॅनलचं नावही बदलून झी मराठी झालं. मालिका बघत मोठी झालेली पोरं आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. पण आज आबांवर हसणारे बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि बऱ्याच जणांच्या घरात तेव्हा टीव्हीच नव्हता.

आता बुलढाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड घ्या. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव येतं ते १४३७ च्या लढाईमुळे. बहामनींच्या फौजेनं खानदेशच्या नासिर खान फारुकीला इथं हरवलं होतं. टीव्हीच्या इतिहासात मात्र अशा गावांना कुणी विचारत नाही. २००१ च्या जनगणनेनुसार देशाच्या ग्रामीण भागात १०० पैकी साधारण १९ घरांतच टीव्ही होता. त्यातही खासगी चॅनल बघायचं तर केबल हवी. डिश टीव्ही आलं २००३ मध्ये, दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा २००४ च्या शेवटी. थोडक्यात, टिपरे रंगात असताना खेड्यातल्या बहुतेक घरांत टीव्हीच नव्हता, आणि टीव्ही असूनही केबल नसलेल्या घरांना अँटेनावर दिसेल ते दूरदर्शन बघावं लागत होतं.

गंमत अशी, की मालिकेतली सून याच जिल्ह्यातली. श्यामला झालेल्या शुभांगी गोखले यांचा जन्म खामगावचा.

मालिका आली कुठून?

मुळात हे एक सदर होतं. दिलीप प्रभावळकरांनी 'लोकसत्ता'त टिपरे कुटुंबाच्या डायऱ्या लिहिल्या आणि पुढं त्यांचं 'अनुदिनी' हे पुस्तक झालं. घर एकच, पण एकच गोष्ट आजोबांना वेगळी दिसते, मुलाला वेगळी, नातवंडांना वेगळी. मालिकेचा जीव इथंच आहे. त्यात कुणी खलनायक नाही. जो तो आपल्या जागी बरोबर असतो, त्यामुळे भांडण होतं आणि हसूही येतं.

दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. राजन भिसे, शुभांगी गोखले, रेश्मा नाईक, विकास कदम आणि आबांच्या भूमिकेत स्वतः प्रभावळकर. १९४४ चा जन्म असलेले प्रभावळकर तेव्हा जेमतेम ५७ वर्षांचे होते. म्हणजे लोकांच्या डोक्यात बसलेला तो म्हातारा खरं तर नोकरीतून निवृत्तही न होणाऱ्या वयाचा होता.

मग असं पुन्हा का झालं नाही?

प्रेक्षकांची आवड बदलली, हे ठरलेलं उत्तर. ते अर्धवट आहे. आधी हिशोब बघा.

टिपरे आठवड्यातून एकदा यायची. एका भागात एक गोष्ट सुरू होऊन तिथंच संपायची. याच काळात टीव्ही रोजच्या मालिकांकडे वळत होता. स्टार प्लसवर २००० मध्ये 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली होती. मराठीत २००१ मध्येच ईटीव्हीवर 'चार दिवस सासूचे' सुरू झाली. ती २०१३ पर्यंत चालली आणि तिचे ३ हजारांहून जास्त भाग झाले. आठवड्याला एक या हिशोबानं टिपरेनं चार वर्षं पूर्ण धरली तरी आकडा २०० च्या आसपासच थांबतो.

चॅनलच्या दृष्टीनं रोजची मालिका सोयीची. एकदा सेट लावला की भागांमागून भाग निघतात, खर्च विभागला जातो आणि जाहिरातदाराला आठवडाभराची जागा एकदम विकता येते. उद्या काय होईल याची हुरहुर लावली की प्रेक्षक परत येतो. विनोदाला ही हुरहुर लावता येत नाही. आज हसलेला माणूस उद्या त्याच गोष्टीवर हसत नाही, त्याला नवी लागते. रोज नवी गोष्ट लिहायची तर लेखकाचं तेल निघतं.

विनोद टीव्हीवरून गेला असं नाही. तो घरातून उठून स्टेजवर गेला. 'फू बाई फू', मग २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या', २०१८ पासून 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. स्किट दहा-पंधरा मिनिटांत संपतं, माणसं दर वेळी नवी. पण स्किटमधल्या माणसाची पुढच्या आठवड्यात नोकरी गेली की राहिली, हे कुणाला विचारावंसं वाटत नाही. शेखर टिपरेबद्दल वाटायचं.

या सगळ्या निर्णयात रोहिणखेडसारख्या गावाचं मत शून्य होतं, आणि हे शब्दशः खरं आहे. त्या काळात टीआरपी मोजायची यंत्रं शहरांतल्या घरांत बसवलेली असायची. ग्रामीण भारताचे आकडे यायला 'बार्क'मुळे ऑक्टोबर २०१५ उजाडला. त्याआधी गावातल्या टीव्हीवर कोण काय बघून हसतंय किंवा उठून जातंय, याची नोंद टीआरपीत होत नव्हती.

आठवण नक्की कुणाची?

टिपरेंच्या प्रेमात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ते घर शहरी, मध्यमवर्गीय, प्रमाण मराठी बोलणारं होतं. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातल्या आजोबांना आबा आपले वाटले असतील, पण त्यांची भाषा नाही. ही भाषा विनोदी कार्यक्रमात हक्कानं ऐकू आली ती नंतर, अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंच्या तोंडून. तीही स्किटमध्येच. वऱ्हाडी घर, वऱ्हाडी आजा आणि आठवड्याला त्यांची एक गोष्ट, असं अजून आलेलं नाही.

२०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि जे केबलवर पोचलं नव्हतं ते मोबाईलवर पोचलं. म्हणून आज जी जुनी आठवण म्हणून फिरते, ती अनेकांसाठी पहिलीच भेट आहे. मालिकेला याचा फायदाच झाला. मागचा भाग चुकला तरी बिघडत नाही, कुठूनही बघा. साप्ताहिक असल्यामुळे जी टीआरपीच्या शर्यतीत मागं पडणार होती, ती त्याच कारणानं रीलच्या जमान्यात चालली. 'चार दिवस सासूचे'चा मधलाच भाग लावून बघा, कोण कुणाची कोण हे कळेपर्यंत जेवण गार होईल.

पण हे नशीब सगळ्यांचं नसतं. प्रभावळकरांचीच त्याआधीची गाजलेली मालिका म्हणजे चि. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव'. १९७० च्या दशकाच्या शेवटी ती मुंबई दूरदर्शनवर आली. गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, तेव्हा लोकांनी जुने भाग शोधले. सापडले ते मोजकेच. त्या काळी टेप महाग असायच्या, त्यामुळे दूरदर्शनवर झालेला कार्यक्रम पुसून त्याच टेपवर पुढचा भरायची पद्धत होती. ती मालिका ज्यांनी तेव्हा बघितली, ते आता सत्तरीकडे झुकलेत. आणि तेव्हाचं प्रक्षेपण मुंबई-पुण्याच्या टापूपुरतं असल्यामुळे बुलढाण्यात ते कुणालाच दिसलेलं नाही.