बिबट्याचा खर्च कोणाच्या खाती?

आश्विन वद्य द्वादशीला महाराष्ट्रात वसुबारस साजरी होते. त्याच तिथीला अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर वाघबारस पाळली जाते आणि गुराढोरांना सांभाळ, अशी वाघोबाला विनवणी केली जाते. गाय आणि तिचा भक्षक या दोघांचीही एकाच दिवशी आठवण ठेवणाऱ्या या रिवाजात एक व्यावहारिक शहाणपण आहे. रानाच्या कडेला गुरे पाळावयाची, तर श्वापदाचा वाटा गृहीत धरावा लागतो. आज प्रश्न एवढाच आहे की, हा वाटा कोणाच्या पदरातून जातो.

बिबट्या जंगल सोडून गावात शिरला, हे नेहमीचे विधान अर्धसत्य आहे. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांबरोबर खोऱ्यात ऊस पसरला. पुढे प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाचे अर्थकारण स्थिर झाले. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. त्यात आडोसा आहे, शेजारी पाणी आहे आणि वस्तीवर भक्ष्य आहे. अकोल्याच्या शेतीप्रधान खोऱ्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. याच खोऱ्यात माणसांची वस्ती चौरस किलोमीटरमागे तीनशेहून अधिक आहे. म्हणजे बिबट्या येथे पाहुणा नसून रहिवासी आहे.

त्याच्या आहाराचा अभ्यास अधिक बोलका आहे. वजनाच्या हिशेबाने त्याचे ८७ टक्के खाद्य पाळीव किंवा गावठी जनावरांचे निघाले. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आणि शेळ्यांचा अवघा ११ टक्के होता. वास्तविक त्या परिसरात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट आहेत. या विसंगतीचे कारण साधे आहे. शेळी रात्री घरात वा गोठ्यात बांधली जाते, कुत्रे मोकळे फिरते. चार भिंती आणि एक दार यांचे मोल याहून स्पष्ट सांगता येणार नाही. परंतु हे दार प्रत्येकाला परवडत नाही. संकरित गाईंसाठी पक्का गोठा बांधणाऱ्या बागायतदाराला बिबट्या ही चिंता असते. दोन शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या भूमिहीनाला किंवा उघड्या माळावर मेंढ्या बसविणाऱ्या धनगराला तो भांडवलावरचा घाला असतो.

या चित्रात आता शहरातून आलेल्या मंडळींची भर पडली आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात तंबू, विश्रामगृहे आणि काजवा महोत्सव यांमुळे पैसा आला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र पाहुण्यांच्या उष्ट्याखरकट्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. शहरवासीयाला बिबट्या दुरून निसर्गाचे वैभव वाटतो. तोच कुंपणाशी दिसला की पिंजऱ्याची मागणी होते. या दोन्ही भूमिकांचे मोल शेजारचा शेतकरी चुकवितो.

पिंजरा लावून बिबट्या दूर सोडण्याचा प्रयोग शेजारच्या जुन्नर भागात २००१ पासून झाला. त्यानंतर माणसांवरील हल्ले घटले नाहीत, उलट वाढले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. माणसांवर वारंवार हल्ले करणारे जनावर हटविलेच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु दिसेल त्या बिबट्याला उचलून दुसऱ्याच्या शिवारात सोडणे म्हणजे आपले कर्ज शेजाऱ्याच्या नावावर चढविणे होय.

माणसाच्या मृत्यूनंतर सरकार पंचवीस लाख रुपये देऊ करते. ते न्याय्यच आहे. पण जी तिजोरी मृत्यूनंतर उघडते, तिने मृत्यूपूर्वी थोडी उघडू नये काय? अल्पभूधारकाला व भूमिहीनाला बंदिस्त गोठ्यासाठी अनुदान आणि मेंढपाळाला जाळीचे भक्कम कुंपण देणे हा दानधर्म नसून विमा आहे. कृषिपंपांना पाळीने रात्री वीज मिळते, म्हणून शेतकरी काळोखात उसाला पाणी द्यावयास जातो. दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेची २०१७ साली घोषणा झाली, तेव्हा प्रायोगिक प्रकल्पासाठी याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीची निवड करण्यात आली होती. ती सोय प्रथम बिबटप्रवण गावांच्या वाट्याला यावयास हवी. पर्यटन व्यावसायिकांकडून कचऱ्याचा बंदोबस्त सक्तीने करवून घेणे आणि त्यांच्या उत्पन्नातील काही भाग गावच्या गोठ्यांसाठी राखणे, हेही अवघड नाही.

बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले, ते साऱ्या देशाच्या वतीने दिले. देशाने घेतलेल्या व्रताचा उपवास मात्र दोन शेळ्यांच्या मालकिणीने करावा, ही रीत न्यायाची नव्हे.