बोटावरचा वर्णपट

करोनाच्या काळात फोनवर ‘जेवलात का?’ याच्या आधी ‘ऑक्सिजन किती?’ असे विचारले जाई. बोटाला चिमटा लावायचा, आकडा ९४च्या वर दिसला की घरदार निर्धास्त. त्या चिमट्याचे नाव पल्स ऑक्सिमीटर. मात्र तो ऑक्सिजन मोजत नाही. तो मोजतो प्रकाश. ऑक्सिजनचा आकडा हे त्यावरून केलेले अनुमान असते.

प्रत्येक पदार्थ प्रकाशातले ठरावीक रंग गिळतो किंवा बाहेर टाकतो. त्या रंगांवरून पदार्थ ओळखायची विद्या म्हणजे वर्णपटशास्त्र, अर्थात स्पेक्ट्रोस्कोपी. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रान्सचे जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी सूर्याच्या वर्णपटातल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेने शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले. ती रेषा हेलियमची निघाली, आणि पृथ्वीवर तो वायू हाती लागायला १८९५ साल उजाडले. रक्ताची पाळी मात्र लवकर आली होती. ऑक्सिजन मिळाला की हिमोग्लोबिनचा वर्णपट बदलतो, हे इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी १८६४मध्येच दाखवले होते.

बोटावरचा चिमटा नेमके हेच वापरतो. त्यात दोन दिवे असतात: एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते, ऑक्सिजन असलेले अवरक्त. पण वाटेत कातडी, नख, हाड असे सगळेच येते; मग त्यातून रक्त वेगळे कसे काढायचे? जपानचे ताकुओ आओयागी यांना १९७४मध्ये उत्तर सापडले. धमनीतले रक्त दर ठोक्याला कमीजास्त होते, बाकी सारे स्थिर राहते. बदलणारा भाग तेवढा वेचून घ्यायचा. सुईविना, वेदनेविना! भूलशास्त्र आज इतके सुरक्षित आहे, त्यात या युक्तीचा वाटा मोठा आहे.

तरी कातडीचा रंग पूर्ण वजा होत नाही. प्रकाशाच्या मापावरून टक्केवारी काढण्याचे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांवर बेतलेले असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३च्या मार्गदर्शिकेनुसार चाचणीला किमान १० जण पुरत. त्यांत गडद वर्णाचे दोन किंवा १५ टक्के असले की भागे. याची किंमत २०२०मध्ये दिसली. मिशिगनच्या डॉक्टरांनी यंत्राचे आकडे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८च्या खाली, असे प्रसंग गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के.

सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांच्या देशात हा प्रश्न परका कसा म्हणायचा? औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चिमट्याच्या खोक्यावर तो कोणत्या वर्णाच्या किती माणसांवर तपासला, हे छापणे सक्तीचे हवे. सरकारी खरेदीच्या निविदेतही ही अट घालायला काहीच हरकत नाही. स्वस्तात स्वस्त यंत्र घेण्याची आपली सवय इथे महागात पडू शकते.

चिमट्याला आणखी एक गोष्ट कळत नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर पेटता राहिला की कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरतो. त्याने व्यापलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्यासारखेच वागते, त्यामुळे बेशुद्ध माणसाच्या बोटावरही ९८ दिसू शकते. अशा वेळी आकड्यावर विसंबू नये. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे, लगेच ऑक्सिजन द्यावा आणि धमनीतले रक्त तपासायला पाठवावे. श्वास मिनिटाला तीसच्या घरात असेल, बोलताना धाप लागत असेल, तर ९५ दिसले तरी रुग्णाला घरी ठेवू नये.